जर्मनीचा जोडीदार-व्हिसा आणि आरोग्यविमा: पुण्यातून स्टुटगार्टला पोचताना मला जे कळलं ते

माझं काम दोनदा अडलं आणि दोन्ही वेळा कारण एकच होतं, आरोग्यविमा. पहिल्यांदा अर्ज देताना, कारण मी पुण्यातून घेतलेली पॉलिसी पंधरा दिवसांच्या सहलीची होती. दुसऱ्यांदा स्टुटगार्टला पोचल्यावर, परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, कारण मी विमासंस्थेचं पत्र न घेताच गेले होते. लग्नाचा दाखला, फोटो, भाषेची परीक्षा या सगळ्यांबद्दल मी महिनोन्‌महिने विचारत फिरले होते. विम्याबद्दल मात्र "ते तिकडे गेल्यावर होतं" एवढंच सगळे सांगायचे. तसं ते होतं खरं, पण त्याची तयारी इथूनच करावी लागते.

हा लेख नवरा किंवा बायको जर्मनीत नोकरी करते किंवा शिकते, आणि आपण भारतातून तिकडे राहायला जातोय, अशांसाठी आहे. जर्मन लोक याला 'फामिलिएननाखत्सुग' म्हणतात, म्हणजे कुटुंबाने मागाहून येऊन एकत्र राहणं. पर्यटक व्हिसावर जाऊन तिथे तो बदलून घेऊ, हा विचार डोक्यातून काढून टाका. भारतीय पासपोर्टवर साधारणपणे तसं चालत नाही. परत येऊन पहिल्यापासून अर्ज करावा लागतो आणि तिकिटाचे पैसे वाया जातात.

१. आधी जोडीदाराला दोन प्रश्न विचारा

कागद गोळा करायच्या आधी फोन करून हे विचारून घ्या.

पहिला प्रश्न: तुझ्याकडे राहण्याचा परवाना नेमका कुठला आहे? ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना) असेल तर जोडीदाराला जर्मन भाषेच्या प्रमाणपत्राची अट लागत नाही. संशोधकांसारख्या आणखी काही परवान्यांनाही ही सूट आहे. परवान्याचं कार्ड हातात घेऊन त्यावर लिहिलेलं कलम वाचून दाखवायला सांगा. "आयटीचा व्हिसा आहे" या उत्तरावर थांबू नका.

दुसरा प्रश्न: तुझा आरोग्यविमा सरकारी पद्धतीचा आहे की खाजगी? जर्मनीत या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. साधारण नव्वद टक्के लोक पहिल्या व्यवस्थेत असतात. तिला 'गेझेट्सलिश' म्हणतात आणि तिच्या विमासंस्थेला 'क्रांकनकासं'. मराठी मंडळी नुसतं 'कासं' म्हणतात. दुसरी व्यवस्था 'प्रिवाट'. ज्यांचा पगार ठराविक मर्यादेच्या वर आहे (२०२६ साठी वर्षाला ७७,४०० युरो) अशा नोकरदारांना खाजगीत जायची मुभा असते. तरुण आणि एकट्या माणसाला खाजगी हप्ता पुष्कळ कमी बसतो, म्हणून बरेच मुलगे लग्नाआधी तिकडे जातात. लग्नानंतर त्याचे परिणाम काय होतात ते पाचव्या टप्प्यात सांगते. साखरपुड्याच्या आधीसुद्धा हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

२. लग्नाची नोंद आणि नावांचा घोळ

दोघांचंही वय १८ पूर्ण हवं आणि लग्न कायद्याने नोंदवलेलं हवं. सप्तपदीचे फोटो आणि पत्रिका फाईलमध्ये जोडाव्यात, पण त्या दाखल्याच्या जागी चालत नाहीत.

महाराष्ट्रात लग्नाची नोंद १९९८ च्या कायद्याखाली होते. नमुना 'ड' भरायचा, त्यावर दोघांच्या, तीन साक्षीदारांच्या आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींच्या सह्या घ्यायच्या. शहरात महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात आणि गावात ग्रामपंचायतीत नोंद होते. मग नमुना 'ई' हा दाखला मिळतो. तो मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असतो, त्यामुळे भाषांतराचा खर्च बहुधा वाचतो. लग्नापासून ९० दिवसांत नोंद केलेली बरी, नंतर दंड भरावा लागतो. गुरुजींची सही मांडवातच घेऊन ठेवा. आमचे गुरुजी सोलापूरचे होते आणि त्या एका सहीसाठी माझ्या भावाला खास प्रवास करावा लागला. गोव्यातल्या वाचकांचं काम सोपं आहे. तिथे नागरी निबंधकाकडे दोन टप्प्यांत सही करूनच लग्न कायदेशीर होतं, त्यामुळे कागद आधीपासून हातात असतो.

आता नावं. आपल्याकडे लग्नाआधी मधलं नाव वडिलांचं असतं, लग्नानंतर नवऱ्याचं होतं आणि आडनावही बदलतं. आधार कार्डावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, पदवीच्या प्रमाणपत्रावर तिसरं. जर्मन कार्यालय पासपोर्टवरचं नाव धरतं. माझं मत स्पष्ट आहे: व्हिसा हातात येईपर्यंत नाव बदलू नका. पासपोर्टवर जे नाव आहे तेच अक्षरन्‌अक्षर भाषेच्या परीक्षेत, विम्यावर आणि तिकिटावर लिहा. नमुना 'ड' भरताना लग्नाआधीचं नाव पासपोर्टप्रमाणेच आहे ना, हे कारकुनासमोर बसून तपासा. दाखल्यातली चूक नंतर दुरुस्त करायची म्हणजे पुन्हा सगळ्या फेऱ्या.

एक सापळा इथेच सांगते. "जर्मनीसाठी दाखल्यावर अपोस्टील (कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून मारायचा सरकारी शिक्का) करून देतो" असं सांगून पैसे घेणारे एजंट गल्लोगल्ली आहेत. अपोस्टीलच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत २००५ मध्ये सामील झाला, तेव्हा जर्मनीने त्याला हरकत घेतली. त्यामुळे या दोन देशांमध्ये त्या शिक्क्याला अर्थ नाही. त्याऐवजी जर्मन कार्यालयाला शंका आली तर ते स्वतःच्या विश्वासू वकिलामार्फत भारतात कागदांची पडताळणी करून घेतात. त्याचा खर्च अर्जदाराने द्यायचा आणि वेळही जास्त जातो. म्हणून मूळ कागदातच शंकेला जागा नको.

३. जर्मन भाषा, पहिली पातळी

सूट नसेल तर 'आ-आइन्स' पातळीचं, म्हणजे ए-वनचं प्रमाणपत्र लागतं. कुठल्याही क्लासचं चालत नाही. गोएथे संस्था, टेल्क, ओएसडी अशा मान्यताप्राप्त परीक्षांचंच हवं. गोएथे संस्था म्हणजे आपलं मॅक्स म्युलर भवन: पुण्यात बोट क्लब रोडला, मुंबईत काळा घोड्याला. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग असतात आणि १०० पैकी ६० गुण मिळाले की पास.

परीक्षेच्या जागा लवकर भरतात, म्हणून लग्नाची तारीख ठरली की लगेच नाव नोंदवा. मुलं बोलण्याच्या भागाला घाबरतात, पण खरी गफलत ऐकण्याच्या भागात होते. स्टेशनवरची सूचना, फोनवरचा निरोप, दुकानातला भाव, यांतले आकडे पटकन पकडता यायला हवेत. जर्मनमध्ये एकवीस हा 'एक आणि वीस' असा उच्चारतात. मराठी माणसाला हा क्रम जवळचा आहे. आपणही एकवीस-बावीसमध्ये आधी एकं आणि मग दहम म्हणतो. इंग्रजीतून विचार करण्याऐवजी मराठीतून केला तर आकडे लवकर बसतात.

सूट असली तरी भाषा शिकाच. डॉक्टरकडच्या स्वागतकक्षातल्या बाईंशी फोनवर अपॉइंटमेंट घ्यायची वेळ पहिल्या महिन्यातच येते.

४. फाईलमध्ये काय काय हवं

- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत काढलेला, निदान दोन कोरी पानं असलेला
- ३५ बाय ४५ मिलिमीटरचे बायोमेट्रिक फोटो
- भरलेला अर्ज आणि सही केलेलं प्रतिज्ञापत्र
- लग्नाचा दाखला, मूळ प्रत
- ए-वन प्रमाणपत्र, किंवा सूट का आहे याचा पुरावा
- जोडीदाराच्या पासपोर्टची आणि परवान्याच्या कार्डाची दोन्ही बाजूंची प्रत
- जोडीदाराचा जर्मनीतला पत्त्याच्या नोंदणीचा दाखला
- नोकरीचा करार आणि अलीकडच्या पगारपत्रकांच्या प्रती
- घराचा भाडेकरार
- आरोग्यविम्याचा पुरावा
- आधीचं लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा मृत्यूचा दाखला

प्रत्येक कागदाच्या झेरॉक्सचे दोन संच करा, एक संच घरी ठेवा. दूतावासाच्या संकेतस्थळावर तुमच्या प्रकारासाठी वेगळी यादी असते. अर्ज देण्याच्या आदल्या आठवड्यात ती पुन्हा उघडून बघा.

भाडेकराराबद्दल थोडं. पूर्वी घर पुरेसं मोठं आहे हे सगळ्यांनाच दाखवावं लागायचं. १ मार्च २०२४ पासून ब्लू कार्डवाल्या आणि कुशल नोकरदारांच्या जोडीदारांसाठी ही अट गेली. तरीही पत्ता लागतोच, आणि पोचल्यावर नोंदणीसाठी घरमालकाची सही लागते. जोडीदार एका खोलीत सामायिक घरात राहत असेल तर घरमालकाची परवानगी आधीच लेखी घेऊन ठेवा.

५. विम्याचं पत्र: इथे घाई करू नका

व्हिसासाठी दाखवायचं असतं ते हे की, तुम्ही जर्मनीत पाऊल ठेवल्या दिवसापासून तुमच्यावर उपचार कोणाच्या खर्चाने होतील. त्याचे तीन प्रकार पडतात.

*जोडीदार सरकारी पद्धतीच्या विम्यात असेल तर.* तुमचं नशीब चांगलं आहे. या पद्धतीत ज्या जोडीदाराला स्वतःचं फारसं उत्पन्न नाही, त्याचा समावेश त्याच हप्त्यात होतो, एक पैसाही जास्त न देता. याला 'फामिलिएनफेरझिशरुंग', म्हणजे कुटुंबविमा म्हणतात. हप्ता पगाराच्या १४.६ टक्के, त्यावर प्रत्येक कासंची थोडी वेगळी वाढ (२०२६ साठी सरकारने धरलेली सरासरी २.९ टक्के), आणि यातला अर्धा वाटा कंपनी भरते. बायको आली, मूल झालं, तरी हप्ता तोच. तब्येतीचे प्रश्न विचारत नाहीत, आधीच्या आजारासाठी थांबायला लावत नाहीत. मला थायरॉइड आहे. पुण्यात खाजगी पॉलिसी घेताना त्याच्यासाठी दोन वर्षांची अट घातली होती. इथे फॉर्ममध्ये तो प्रश्नच नव्हता.

तर करायचं काय? जोडीदाराने आपल्या कासंला फोन करून किंवा त्यांच्या ॲपवरून एक पत्र मागायचं: "अमुक नावाची व्यक्ती जर्मनीत राहायला आल्या दिवसापासून कुटुंबविम्यात सामील होऊ शकते." नाव पासपोर्टप्रमाणे, जन्मतारखेसह. हे पत्र फुकट मिळतं. माझ्या नवऱ्याला ते चार दिवसांत आलं. पहिल्यांदा आम्ही ते मागितलंच नव्हतं, नुसती ती पंधरा दिवसांची पॉलिसी जोडली होती, म्हणून माझं काम अडलं.

*मधल्या काळाचा विमा.* कासंचं पत्र असलं तरी प्रवास आणि पहिले काही दिवस धरून एक छोटी पॉलिसी मागतात. याला 'इनकमिंग' विमा म्हणतात. किमान ३०,००० युरोचं संरक्षण हवं आणि ती सहलीच्या पॉलिसीसारखी पंधरा दिवसांत संपणारी नको. ज्या पॉलिसीची सुरुवातीची तारीख नंतर फुकट बदलता येते अशीच घ्या. व्हिसा कधी हातात येईल ते आपल्या हातात नसतं. माझा व्हिसा अपेक्षेपेक्षा सहा आठवडे उशिरा आला. तारीख बदलता येत नसती तर पैसे गेले असते. या पॉलिसीत गरोदरपण आणि जुने आजार बहुधा वगळलेले असतात. बारीक अक्षरातला तो परिच्छेद वाचा. तुम्ही गरोदर असाल तर कासंचं पत्र हातात असल्याशिवाय निघू नका.

*जोडीदार खाजगी विम्यात असेल तर.* इथे कुटुंबविमा नसतो. प्रत्येक माणसाचा वेगळा करार, वेगळा हप्ता, आणि तब्येतीची प्रश्नावली. दमा, मधुमेह, पाठीचं ऑपरेशन असं काही असेल तर हप्ता वाढतो किंवा कंपनी नकार देते. नकार मिळाला तरी कायद्याने खाजगी कंपन्यांना एक 'मूळ दर' द्यावा लागतो. पण त्याचा हप्ता महिन्याला नऊशे-हजार युरोंच्या घरात जाऊ शकतो. तिकडे जाऊन आपणहून सरकारी पद्धतीत नाव घालू म्हटलं तर तेही जमत नाही. आपणहून सभासद व्हायला आधी त्या व्यवस्थेत काही काळ असावं लागतं, आणि भारतातून नव्याने आलेल्या माणसाचा तो काळ नसतो.

माझ्या एका मैत्रिणीचं असंच झालं. नवरा लग्नाआधी खाजगीत गेला होता, तिला दमा. तीन कंपन्यांनी नकार कळवला, चौथीने हप्ता चढवून सांगितला. शेवटी तिने पोचल्यावर दोन महिन्यांत एका बेकरीत अर्ध्या वेळेची नोकरी धरली. पगार 'मिनीजॉब', म्हणजे अल्प पगाराच्या छोट्या नोकरीच्या मर्यादेच्या (२०२६ मध्ये महिन्याला ६०३ युरो) वर असला की नोकरदार आपोआप सरकारी पद्धतीत येतो, तब्येत कशीही असो. पुढे तिला तिच्या शिक्षणाची नोकरी मिळाली आणि विमा तसाच चालू राहिला. हा मार्ग साधारणपणे ५५ वर्षांच्या आतल्यांनाच खुला असतो. दरम्यानचे दोन महिने मात्र महागडी पॉलिसी घ्यावीच लागली. स्वस्तातली, 'परदेशी पाहुण्यांसाठी' म्हणून विकली जाणारी पॉलिसी परवान्याच्या वेळी अनेकदा नाकारली जाते. घेण्याआधी त्या कंपनीकडून लेखी विचारा की, राहण्याच्या परवान्यासाठी ही चालते का.

जोडीदार विद्यार्थी असेल आणि सरकारी पद्धतीच्या विद्यार्थी-विम्यात असेल, तर कुटुंबविमा तिथेही लागू होतो. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि ते उगाच वेगळे पैसे भरतात.

६. अर्ज आणि वाट पाहणं

महाराष्ट्र आणि गोवा मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या हद्दीत येतात. १ जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय व्हिसासाठी जर्मन परराष्ट्र खात्याचं ऑनलाइन पोर्टल जगभर सुरू आहे. कागद आधी तिथे चढवायचे, मग बोटांचे ठसे आणि मूळ कागद यांसाठी व्हीएफएसच्या (दूतावासासाठी अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या) केंद्रावर जायचं. फी ७५ युरो, रुपयांत भरायची, आणि व्हीएफएसचे सेवाशुल्क वेगळं. जोडीदार जर्मन नागरिक असेल तर व्हिसाची फी माफ आहे.

त्यानंतर फाईल जर्मनीतल्या त्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयाकडे जाते. वेळ जातो तो तिथेच. छोट्या गावात लवकर होतं, मोठ्या शहरात रेंगाळतं. तीन महिने धरूनच चाला आणि तोवर परतीचं किंवा न बदलणारं तिकीट काढू नका, नोकरीचा राजीनामाही देऊ नका. जोडीदाराने आपल्या शहरातल्या कार्यालयाला नम्र ई-मेल करून, पगारपत्रकं आधीच पाठवून ठेवली तर मदत होते. मुंबईला रोज ई-मेल करून काही हलत नाही.

जोडीदार स्वतः अजून निघायचा असेल आणि त्याची कंपनी जलद प्रक्रिया (फी ४११ युरो) करत असेल, तर तुमचा अर्जही तिच्यात घालता येतो. कंपनीला आठवण करून द्या, त्या आपणहून विचारत नाहीत.

नकार आला तर? पूर्वी दूतावासालाच फेरविचाराचं पत्र लिहिता यायचं. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता एक महिन्याच्या आत बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दाद मागायची, नाहीतर उणिवा भरून नवा अर्ज करायचा. कागद कमी पडल्यामुळे नकार असेल तर नवा अर्जच बहुधा लवकर होतो.

पासपोर्ट परत आला की स्टिकर तिथेच उभं राहून वाचा: नाव, तारखा, आणि काम करण्याची मुभा असल्याची जर्मन ओळ. जोडीदाराला पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते, त्यामुळे ती ओळ महत्त्वाची.

७. निघण्याआधी पुण्यातच उरकायच्या गोष्टी

दात दाखवून घ्या. सरकारी विम्यात तपासणी आणि साधं फिलिंग येतं, पण कॅप, ब्रिज यांच्यासाठी ठरलेल्या साध्या उपचाराच्या खर्चाच्या ६० टक्केच मिळतात. दरवर्षी तपासणीचा शिक्का एका छोट्या वहीत घेत गेलात तर पाच वर्षांनी ७० आणि दहा वर्षांनी ७५ टक्के होतात. ती वही पहिल्याच भेटीत मागून घ्या. चष्म्याचे पैसे मोठ्या माणसांना सहसा मिळत नाहीत. दोन चष्मे करून न्या.

रोजची औषधं स्वतःच्या वापरापुरती, जास्तीत जास्त तीन महिन्यांची नेता येतात. मूळ वेष्टनात, इंग्रजी चिठ्ठीसह ठेवा. चिठ्ठीवर गोळीचं फक्त ब्रँडचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं. तिथल्या डॉक्टरला आपले ब्रँड माहीत नसतात. लसींची नोंद, जुने रिपोर्ट, सोनोग्राफी एका फोल्डरमध्ये ठेवून तो हातातल्या बॅगेत घ्या.

८. पोचल्यावरचे पहिले पंधरा दिवस

क्रम महत्त्वाचा आहे, कारण एक कागद दुसऱ्यासाठी लागतो.

पहिलं, 'आनमेल्डुंग', म्हणजे पत्त्याची नोंदणी. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत. घरमालकाने सही केलेला, तुम्ही तिथे राहायला आल्याचा कागद, पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला न्या. अपॉइंटमेंट पुण्यात असतानाच ऑनलाइन घेऊन ठेवली तर उत्तम. काही आठवड्यांत करक्रमांक टपालाने येतो. दारावरच्या टपालपेटीवर तुमचं आडनाव चिकटवा, नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. माझं आडनाव वेगळं असल्याने पहिली दोन पत्रं परत गेली.

दुसरं, त्याच दिवशी कासंचा कुटुंबविम्याचा फॉर्म. लग्नाचा दाखला, नोंदणीची पावती आणि फोटो जोडा. 'राहायला आल्याची तारीख' या रकान्यात विमान उतरलं तो दिवस लिहा, फॉर्म भरल्याचा नाही. विमा तिथल्या वास्तव्याच्या पहिल्या दिवसापासून लागू होतो, फॉर्म पुढच्या आठवड्यात गेला तरी.

तिसरं, राहण्याच्या परवान्याची अपॉइंटमेंट. व्हिसा संपायच्या आत अर्ज गेलाच पाहिजे. फी साधारण १०० युरो. इथेच ते विम्याचा पुरावा मागतात, आणि मी नेमका तोच नेला नव्हता. प्लास्टिकचं कार्ड यायला काही आठवडे लागतात, म्हणून कासंकडून सभासदत्वाचं पत्र मागून घ्या. ॲपवरून लगेच मिळतं.

९. विम्याचे प्रश्न, जे मला रोज विचारतात

*कार्ड आलं नाही आणि ताप आला, तर?* कासंला फोन करून कार्डाऐवजी चालणारं पत्र मागा, 'एरझात्स-बेशायनिगुंग'. ते ई-मेलने किंवा थेट दवाखान्यात पाठवतात. पुरावा नसेल तर डॉक्टर तुमच्याकडून पैसे घेऊ शकतो. दहा दिवसांत पुरावा दिलात तर तसं बिल येत नाही, आणि भरलेलं असलं तरी त्या तिमाहीच्या शेवटापर्यंत कार्ड दाखवलं की परत मिळतं. पावती जपून ठेवा.

*कुठल्या डॉक्टरकडे जायचं?* आधी 'हाउसआर्त्स्ट', म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर शोधा. निरोगी असतानाच शोधा, कारण बरेच दवाखाने नवे पेशंट घेत नाहीत. रात्री किंवा रविवारी बरं नसेल पण जिवाचा धोका नसेल तर ११६११७, जिवाचा धोका असेल तर ११२. दोन्ही क्रमांक फुकट आहेत.

*खिशातून काय जातं?* चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधामागे साधारण ५ ते १० युरो, रुग्णालयात दिवसाला १० युरो, वर्षाला जास्तीत जास्त २८ दिवसांचे. चिठ्ठी २०२४ पासून इलेक्ट्रॉनिक असते. औषधाच्या दुकानात कार्ड मशीनमध्ये घालायचं, बस.

*पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं येतं. ते सांगावं लागेल का?* हो. कुटुंबविम्यासाठी तुमचं महिन्याचं उत्पन्न ५६५ युरोंच्या (२०२६ मधला आकडा) आत हवं, आणि त्यात भारतातलं भाडं, मुदतठेवीचं व्याजही धरतात. 'मिनीजॉब' असेल तर मर्यादा ६०३. कासं दरवर्षी विचारते. लपवलं आणि नंतर कळलं तर विमा मागच्या तारखेपासून रद्द होतो आणि थकलेले हप्ते एकदम भरावे लागतात.

*भारतातली नोकरी घरून चालू ठेवली तर?* पगार मर्यादेच्या वर गेला की कुटुंबविमा संपतो आणि स्वतःचा हप्ता भरावा लागतो, महिन्याला दोनशे युरोंच्या वरच. शिवाय जर्मनीत बसून काम केलं की कर आणि सामाजिक विमा यांचे नियमही इथले लागतात. कंपनीशी आणि इथल्या करसल्लागाराशी बोलल्याशिवाय हे सुरू करू नका. "कोणाला कळतंय" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

*गरोदर आहे, काय मिळतं?* कुटुंबविम्यात पहिल्या दिवसापासून तपासण्या, बाळंतपण आणि 'हेबआमं', म्हणजे घरी येणारी सुईण, सगळं येतं. सुईण लवकर शोधा, बाराव्या आठवड्याच्या आसपास फोन सुरू करा. आई येणार असेल तरी सुईण घ्याच. स्टुटगार्टच्या थंडीत बाळाला किती कपडे घालायचे, हे मला तिनेच सांगितलं.

*सासू-सासऱ्यांना किंवा आईबाबांना आमच्या विम्यात घेता येतं का?* नाही. कुटुंब म्हणजे जोडीदार आणि मुलं एवढंच. ते भेटायला येतील तेव्हा त्यांच्यासाठी ३०,००० युरोचा वेगळा प्रवासविमा घ्यायचा, आणि रक्तदाब, मधुमेहाचा उल्लेख त्यात खरा करायचा.

*नोकरी लागली, आता?* रुजू व्हायच्या आत कंपनीला कासंचं नाव कळवा. त्या दिवसापासून तुम्ही स्वतः सभासद, कुटुंबविमा आपोआप संपतो. कासं बदलायची असेल तर ही सोयीची वेळ आहे. आजारपणाची लांब रजा पडली तर मिळणारा भत्ता फक्त स्वतःच्या सभासदत्वावर असतो, कुटुंबविम्यावर नाही. माझ्या पहिल्या पगाराच्या चिठ्ठीवर कापलेला हप्ता बघून आई फोनवर हळहळली होती. मी तिला त्याच महिन्यात झालेल्या थायरॉइडच्या तपासणीचं बिल वाचून दाखवलं: शून्य.